साहेब जेवत नाहीत

अण्णा घराबाहेर पडले ते नळाचा वॉशर आणायला, आणि परतले ते समुद्र घेऊन.

समुद्र म्हणजे अख्खा नव्हे, टेंपोत मावेल एवढाच. एक काचेची टाकी, तिच्या पोटातले खडक आणि वाळू, खाऱ्या पाण्याचे कॅन, पंप, फिल्टर, फेस काढायची एक उभी नळी आणि पाण्याने फुगलेल्या पिशवीत एक मासा. कोणीतरी गाव सोडून जाताना हा सगळा चालता संसार मासेवाल्याच्या दुकानात टाकून गेलं होतं. आता वॉशरच्या दुकानाला लागूनच मासेवाल्याचं दुकान असावं, यात अण्णांचा काय दोष? वॉशर मात्र राहिला. वाचकांनी तो लक्षात ठेवावा, कारण अण्णांनी ठेवला नाही.

अण्णांना अख्खी इमारत फिल्टरअण्णा म्हणते. पाणीपुरवठा खात्याच्या फिल्टर हाउसमध्ये त्यांनी उभा जन्म काढला आणि नुकतेच निवृत्त झाले. पाणी हा त्यांचा विषय. कोणाच्याही घरी गेले तरी समोर आलेला पेला आधी उजेडाकडे धरून बघतात, मग हुंगतात आणि मग यजमानाकडे अशा नजरेने पाहतात की त्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. निवृत्त झाल्यापासून ऐकायला हाताखालची माणसं उरली नाहीत, म्हणून ते घरातल्या घरात बोलतात. गढूळपणा, तुरटीचं प्रमाण, वाळूचे थर. त्यांची बायको, जिला सगळे माई म्हणतात, ती हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकते. म्हणजे भाजी निवडते.

टाकी बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून बसवली, तेव्हा माईचा धाकटा भाऊ तिथेच होता. हा मेहुणा विमा विकतो. त्यामुळे कुठल्याही जिवंत वस्तूकडे बघून ती किती टिकेल, हे सांगायची त्याला सवय आहे. त्याने माशाकडे पाहिलं. निळ्या अंगावर पिवळे पट्टे, तोंड बारीक आणि नाक मुरडलेलं.

"दाजी, खाऱ्या पाण्यातला मासा म्हणजे नाजूक काम," तो म्हणाला. "हा तुमच्याकडे महिनाभर काढत नाही."

"का नाही काढणार?"

"दाजी, तुम्ही गावाला पाणी दिलंत, मान्य. पण माशाला पाणी देणं वेगळं."

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते उभे राहिले आणि पंपाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "महिन्याने ये. मासा जिवंत नसला तर मी जन्मात पुन्हा पाण्याबद्दल तोंड उघडणार नाही!"

माईने हातातली भेंडी खाली ठेवली. नवऱ्याचं काय पणाला लागलंय ते तिला कळलं होतं. त्या माणसाचं दुसरं होतं काय? पण त्याच वेळी आयुष्यभर तुरटीविना राहण्याचं एक मोहक चित्रही तिच्या डोळ्यांपुढून तरळून गेलं, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं.

माशाचं नाव दुसऱ्याच दिवशी पडलं. तो टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे जाई, प्रत्येक खडकासमोर थांबून पाही, काहीच पसंत नसल्यासारखा वळे आणि परत येई. अण्णांनी अशी तपासणी नोकरीत जन्मभर सोसली होती. "हा साहेब आहे," ते म्हणाले. तेव्हापासून घरात माशाला आदरार्थी बहुवचन सुरू झालं.

साहेबांना स्वच्छता लागणार, हे तर उघडच होतं. फिल्टर हाउसचा नियम असा की फिल्टर रोज उलटा धुवायचा, वाळू चकचकीत दिसली पाहिजे. अण्णा रोज सकाळी फिल्टर उघडत, त्यातला स्पंज आणि चिनी मातीची कडी काढून नळाखाली धरत आणि पांढरीशुभ्र करून परत बसवत. घाणीचा कणही उरत नसे. पाणी असं नितळ की टाकी रिकामी वाटावी. इमारतीतले लोक बघायला येत आणि म्हणत, "वा!" अण्णा म्हणत, "सवय आहे."

चारपाच दिवसांत साहेब पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाने भकाभका हवा ओढायला लागले.

अण्णा मासेवाल्याकडे धावले. मासेवाला दुकानात कमी आणि फोनवर जास्त असतो. त्याने कानावरचा फोन न काढताच विचारलं, "फिल्टर धुतला का?"

"रोज धुतो!" अण्णांनी छाती फुगवली.

"रोज? वाट लागली. अहो काका, त्या स्पंजात, त्या कड्यांत जिवाणू राहतात. माशाची घाण तेच पचवतात. तुम्ही रोज नळाचं पाणी घालून त्यांना मारताय, मग माशाच्या घाणीचं विष होणार नाही तर काय होईल?"

अण्णांची फुगलेली छाती आत गेली. जिवाणू मारण्याबद्दल या माणसाला खात्याकडून शाल मिळाली होती. क्लोरीनचा वास आला नाही तर त्याला झोप यायची नाही. आणि आज एक फोनवाला त्याला सांगत होता की घरी जिवाणू पाळा!

घरी येताना त्यांनी मनातल्या मनात मासेवाल्याला तीन वेळा बडतर्फ केलं. पण जिना चढता चढता त्यांना फिल्टर हाउसच्या मागचा वाळूतून पाणी संथपणे गाळणारा जुना हौद आठवला. नव्या यंत्रांच्या आधीचा. त्याच्या वाळूवर शेवाळासारखा एक चिकट थर जमायचा आणि नवशिक्या अण्णांनी एकदा तो खरवडायला घेतला, तेव्हा मोठे मिस्त्री ओरडले होते, "अरे, त्याला हात लावू नकोस! पाणी साफ करते ती वाळू नव्हे, तो थर!"

अण्णा जिन्यात थबकले. म्हणजे हे तर आपलंच ज्ञान! मासेवाल्याने सांगितलं ते त्यांना तीस वर्षांपूर्वीच माहीत होतं, फक्त मध्यंतरी विसरले होते. या विचाराने त्यांची मान पुन्हा ताठ झाली. घरी आल्या आल्या त्यांनी क्लोरीन मारलेलं पाणी बंद केलं आणि मासेवाल्याच्या चालू टाकीतली मळकी कडी आणून फिल्टरमध्ये बसवली. मग थोडं थोडं पाणी बदलत राहिले, तेही नीट मीठ कालवून, मापून. स्पंजाला हात लावायचा नाही, असं माईला बजावलं. माईने आजवर कधी लावला नव्हता, हा भाग वेगळा.

साहेबांचा श्वास सुधारला. आता प्रश्न राहिला जेवणाचा.

साहेब जेवत नव्हते. डब्यातल्या रंगीत पापुद्र्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अण्णा पापुद्रे टाकत, खुर्ची ओढून काचेसमोर बसत, नाक काचेला लावत आणि वाट पाहत. साहेब त्यांच्याकडे पाहत. हे तपासणीचं काम तास तास चाले. शेवटी एकाची मान अवघडायची, आणि ती साहेबांची नसायची.

उपाशी मासा घरात आहे म्हटल्यावर इमारतीतल्या सल्ल्यांना पूर आला. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून साहेबांचं तोंड तपासलं आणि दातांचा काही प्रश्न नाही, असं सांगितलं. एकाने ब्रेडचा चुरा सुचवला, एकाने टाकीला आरसा लावायला सांगितला. खालच्या मजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर टाकीपुढे बराच वेळ हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "मासा उपाशी नाही. उदास आहे."

"मग काय करू?"

"काही करू नका. असू दे." मास्तरांचा उदासपणावर विश्वास होता.

कामाचा सल्ला दिला तो शेवटी मासेवाल्यानेच, अर्थात फोन कानाला ठेवून. हा मासा समुद्रात खडकावरचं खरवडून खातो. त्याला कोळंबी, शिंपल्यातलं मांस आणि समुद्री शेवाळाची पानं एकत्र वाटून द्या, वर लसणाचा रस. मग गोठवा आणि रोज एक तुकडा. अण्णांनी माईच्या मिक्सरचं लहान भांडं काढलं. माईने ते बघितलं, भांडं कायमचं त्यांच्या नावावर केलं आणि पुढे दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. वाटलेला लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून अण्णांनी फ्रिजमध्ये ठेवला, गोठल्यावर एक तुकडा टाकीत टाकला आणि समाधानाने काचेला नाक लावून बसले. साहेबांनी तुकडा खडकापर्यंत पोहोचताना पाहिला, अण्णांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

त्या दुपारी मेहुणा आला, "सहज." महिन्याची मुदत चालू असल्यापासून तो फार सहज यायला लागला होता. उन्हातून आलेला, घसा कोरडा. स्वतःच्या हाताने लिंबूसरबत केलं, फ्रिज उघडला, ट्रे पालथा केला आणि दोन खडे पेल्यात टाकले. पेला निम्मा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सरबताला शेवाळ आलंय.

पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की साहेबांनी नाकारलेल्या अन्नाचा पहिला घास घरात मेहुण्याने खाल्ला, आणि अण्णांनी मनापासून विचारलं, "मीठ बरोबर होतं का रे?"

मेहुणा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी सेक्रेटरी आला.

इमारतीचा सेक्रेटरी हा भला माणूस आहे, फक्त त्याला नियम फार आवडतात. खिशात पेनाऐवजी मोजायची टेप असते. मास्तरांच्या छताला ओल आली होती. छत मास्तरांचं, वर घर अण्णांचं आणि अण्णांच्या घरात समुद्र. यापुढे शोध घ्यायची कोणाला गरज वाटली नाही.

"पाळीव प्राणी जिन्यातून नेताना गळ्यात पट्टा हवा," सेक्रेटरीने टाकीची लांबी मोजत सांगितलं.

"गळा दाखवा, पट्टा घालतो," अण्णा म्हणाले.

"शिवाय घरात पाणीसाठा करायचा तर कमिटीची परवानगी हवी."

"हा पाणीसाठा नाही, हा निवास आहे."

"निवास असेल तर राहणाऱ्याची नोंद नाही." सेक्रेटरीने टेप खटकन आत सोडली. "ते काही असो. टाकी गळतेय. रविवारपर्यंत ती इथून हलवा, नाहीतर कमिटी हलवेल."

साहेबांच्या अंगात तेव्हा हलण्याचं बळ राहिलं नव्हतं. पोट खपाटीला गेलं होतं, निळा रंग फिका पडला होता. टाकी रिकामी करून दुकानात पोहोचवायची म्हटलं तर मासा वाटेतच जाणार, हे अण्णांना कळत होतं. तो गेला की त्यांचं तोंडही कायमचं बंद. त्या संध्याकाळी त्यांनीही ताट बाजूला सारलं. माईने शेवटी विचारलं, "अहो, नेऊन देऊया का परत? हट्ट किती करायचा?"

"मी साहेबांना मरू देणार नाही," अण्णा म्हणाले. "आणि हलवू तर मुळीच देणार नाही. येऊ दे कमिटीला!"

रविवारी संध्याकाळी कमिटी आली. म्हणजे सेक्रेटरी, मागे बघे, आणि बघ्यांत मेहुणाही. सगळे आधी मास्तरांच्या घरी जमले. छतावर ओलीचा मोठा डाग होता आणि त्याच्या मधोमध थेंब साचून टपकत होता. मास्तरांनी खाली वाटी ठेवली होती. त्यांना तो डाग एकंदरीत आवडला होता.

"बघा! समुद्र गळतोय," सेक्रेटरी म्हणाला.

अण्णांनी वाटी उचलली, उजेडाकडे धरली, हुंगली आणि सरळ तोंडाला लावली. बायका "ई!" म्हणून मागे सरकल्या.

"गोडं पाणी!" अण्णा गरजले. "समुद्राचं असतं तर खारट लागलं असतं. माझ्या टाकीचा यात काही संबंध नाही!"

"आरोपीची साक्ष चालत नाही," सेक्रेटरी म्हणाला.

"मग तुम्ही चाखा."

सेक्रेटरी एक पाऊल मागे गेला. बघेही मागे गेले. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या मेहुण्यांना विचारा ना! त्यांनी त्या टाकीचं जेवणसुद्धा खाल्लंय. आणि ते काही अण्णांच्या बाजूचे नाहीत."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. मेहुण्याचा चेहरा लिंबासारखा झाला. त्याने वाटीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. नुसतं "खारट" म्हणायचं, की पैज तिथेच जिंकली. अण्णा त्याच्याकडे रोखून बघत होते. मेहुण्याने डोळे मिटून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडं आहे," तो म्हणाला. विमा विकत असला तरी माणूस खोटा नव्हता.

अण्णांनी विजयाने इकडेतिकडे पाहिलं. पण सेक्रेटरी हरणाऱ्यांतला नव्हता. "गोडं असेल तर भिंतीतला पाइप फुटलाय. मग भिंत फोडावी लागेल आणि भिंतीला लागून ठेवलेली टाकी हलवावी लागेल. आजच."

अण्णांची नजर छतावरच्या डागाकडे गेली. पाइप फुटलेला नाही, हे त्यांना एकदम कळलं. डागाच्या बरोबर वर त्यांचं स्वयंपाकघर होतं. तिथल्या नळाच्या मानेतून थेंब ओघळत होता, ओट्यामागे उतरून भिंतीत मुरत होता. तोच नळ, ज्याचा वॉशर आणायला ते घराबाहेर पडले होते. माई रोज आठवण करून देत होती आणि ते रोज म्हणत होते, "आधी साहेबांचं बघू."

गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. पाइपवर गेलं असतं सगळं. पण भिंत फुटली असती, टाकी हलली असती आणि साहेब गेले असते.

अण्णांनी खांदे मागे घेतले. "भिंत फोडायची गरज नाही," ते म्हणाले. "माझा नळ गळतोय."

कोणीतरी हसलं. मागून आवाज आला, "दिव्याखाली अंधार! गावाला पाणी पाजलं आणि घरचा नळ गळका!" मग सगळेच हसले. सेक्रेटरीही हसला आणि मास्तरही, आणि मास्तर सहसा हसत नाहीत.

"हसा!" अण्णा ओरडले. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज फिल्टर हाउसच्या पंपांवर मात करणारा होता. "पोट भरून हसा! हो, फिल्टरअण्णाच्या घरचा नळ गळतो! वॉशर आणायला गेलो आणि मासा आणला! नळ माझा, ओल माझी, मास्तरांचं छत मी रंगवून देईन. पण माझे साहेब निर्दोष आहेत, आणि त्यांच्या टाकीला कोणी बोट लावलं तर गाठ माझ्याशी आहे!"

हसू हळूहळू विरलं. सेक्रेटरीने टेप खिशात घातली. गळत्या नळाचा नियम त्याला पाठ नव्हता आणि बिनानियमाचं त्याला काही बोलता येत नसे.

अण्णा तरातरा जिना चढून घरी आले. मागोमाग मेहुणा. बैठकीच्या दारातच माईने दोघांना अडवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

खोलीत अंधार होता. सगळे खाली गेल्यावर माईने बर्फाचा एक तुकडा टाकीत टाकला होता आणि वीज कशाला जाळायची म्हणून दिवा घालवून ती जिन्यात भांडण ऐकायला उभी राहिली होती. अण्णांनी दाराच्या फटीतून पाहिलं. अंधूक पाण्यात साहेब खडकाशी आडवे झाले होते आणि आपल्या बारीक तोंडाने लगदा भराभर ओढत होते. असं जेवत होते की जणू पगाराचा दिवस आहे.

"नुसतं कोणी बघायला नको होतं त्यांना," माई कुजबुजली. "तुम्ही दिवसभर नाकासमोर बसल्यावर कोण जेवेल? मी तरी जेवले असते का?"

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी बोटावर घेऊन पाहिलंही नाही. ते भिंतीला टेकून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "खाऊ दे. खाऊ दे बिचाऱ्याला." त्यांनी साहेबांना पहिल्यांदाच एकवचन वापरलं.

वॉशर माईने आणला आणि तिनेच बसवला. अण्णांना परत त्या दुकानाकडे पाठवायला ती तयार नव्हती. घरात नवा नियम झाला. साहेबांच्या जेवणाच्या वेळी सगळ्यांनी टाकीकडे पाठ करून बसायचं. अण्णा दाढीचा आरसा हातात धरून बसत आणि कोणी विचारलं तर म्हणत, "मी बघत नाहीये. दाढी करतोय." साहेबांच्या अंगावर पुन्हा निळाई चढली.

महिना भरला त्या दिवशी मेहुणा आला. त्याला टाकीकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं, हातात आरसा दिला. माईने तुकडा टाकला. आरशात साहेब आले, तुकड्याची तपासणी केली आणि जेवायला लागले.

मेहुण्याने आरसा मांडीवर ठेवला. "हरलो दाजी," तो म्हणाला. "बोला आता. जन्मभर बोला पाण्यावर."

अण्णांनी महिनाभर याच क्षणाची वाट पाहिली होती. त्यांनी घसा खाकरला, खांदे मागे घेतले, फिल्टर हाउसच्या आवाजात तोंड उघडलं...

"श्शू!" माई म्हणाली. "हळू. साहेब जेवताहेत."

अण्णांनी तोंड मिटलं. मेहुणा सुटकेने उठायला लागला, इतक्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. अण्णांनी खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवली, तोंड थेट त्याच्या कानाशी नेलं आणि कुजबुजत्या आवाजात, अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, "हे बघ, पाणी म्हणजे आधी त्याचा गढूळपणा समजून घ्यायला हवा..."